पाच खणांचं जाणं

सोलापूर,
३ ऑक्टोबर १९७२

प्रिय धुळाप्पा,

तुझं पत्र येऊन वर्ष झालं. उत्तर दिलं नाही, कारण त्यात प्रश्न नव्हता. आज मला तुझी गरज आहे म्हणून लिहितो.

वसतिगृहात आपण एका खोलीत होतो तेव्हा मी तुला एका भाषेबद्दल सांगत असे आणि तू घोंगडी डोक्यावरून घेत असस. ती भाषा आता झाली आहे. तिचं नाव 'निःसंदेह'. तिच्यात कुठल्याही वाक्याचे दोन अर्थ होत नाहीत. कॉलेजात तर्कशास्त्र शिकवून उरलेली सतरा वर्षं मी तिला दिली. नामं झाली, संख्या झाल्या, 'जर' झालं, 'तर' झालं. घोडं अडलं ते जाण्यायेण्यापाशी.

मराठी माणूस म्हणतो, 'तो गेला.' कोण, कुठे, कुठून, कोणत्या वाटेने, कशाने? काही कळत नाही, तरी ऐकणारा मान हलवतो. निःसंदेहमध्ये हे चालणार नाही. तिथे 'केवा' हे क्रियापद आहे. त्याला कपाटासारखे पाच खण आहेत: जाणारा, ठिकाण, सुरुवात, वाट, साधन. पाचही भरल्याशिवाय वाक्य पुरं होत नाही. खण रिकामा ठेवणारा माणूस एक तर अज्ञानी असतो किंवा काही तरी लपवत असतो.

'येणे' मी काढून टाकलं. मी जिथे बसलो आहे तिकडे कुणी जात असेल तर त्याला वेगळा शब्द कशाला? तो अहंकार झाला.

निःसंदेहच्या आमच्या मंडळात दोन सभासद आहेत. मी, आणि औषधांच्या दुकानाचे गुरुसिद्धप्पा. त्यांना सहावा खण हवा आहे: का. मी म्हणालो, "कारण हे गतीचं अंग नाही. दगड गडगडतो, त्याला तुम्ही का म्हणून विचारता?" ते म्हणाले, "दगड माझ्या दुकानात येत नाही. जो येतो त्याला मी आधी तेच विचारतो." दुकानदाराकडून याहून अधिक अपेक्षा नाही.

आता काम. तुझी माणसं मेंढरांमागे वर्षातले आठ महिने चालतात. जिल्ह्यात त्यांच्याइतकं कुणी चालत नाही. त्यांच्याकडे चालण्याचे जितके प्रकार असतील तितके मला कळव. ११ फेब्रुवारीला माझं व्याख्यान आहे: 'गतिवाचक क्रियापदांचा अंतिम निर्णय'.

तुझा,
ईश्वरप्पा

ता. क. सुंदरम्मा म्हणते, म्हाळसाबाईंची तब्येत विचारा. आणि लिहा म्हणते की आपल्या कुंभारीच्या शेतातल्या विहिरीला अजून आठ हात पाणी आहे, आजूबाजूच्या सगळ्या आटल्या तरी. हे तुला कशासाठी कळवायचं ते तिने सांगितलं नाही. लिहिलं आहे.


हटकरवाडी, ता. सांगोला,
१९ ऑक्टोबर १९७२

प्रिय ईश्वरप्पा,

पत्र मिळालं. भाषा झाली हे वाचून बरं वाटलं. घोंगडीतून मी सगळं ऐकत होतो.

तुझ्या कामाची सुरुवात आईपासून केली. आईला तू ओळखतोस. वसतिगृहात भाकरी घेऊन यायची तीच म्हाळसाबाई. संवाद जसाच्या तसा देतो.

"आई, बकरी चालत्यात त्याला आपन काय म्हनतो?"

"चालत्यात म्हनतो."

"आनि लई हळू चालली तर?"

"तर भिमाला शिव्या देतो."

भिमा माझा धाकटा भाऊ. कळप तो बघतो, मी शाळा बघतो. त्याच्याकडून एवढं कळलं. मुक्काम हलतो त्या सकाळी बायका घोड्यावर बिऱ्हाड लादून सडकेने पुढे जातात. भांडी, घोंगड्या, कोंबड्या, नुकती जन्मलेली कोकरं, सगळं घोड्यावर. भिमा कळप घेऊन निघतो तो जिथे पाला दिसेल तिथून. संध्याकाळी दोघं एका जागी भेटतात. जागा सकाळी कुणी कुणाला सांगत नाही. निघालेल्या माणसाला 'कुठं' विचारायचं नाही, हे तुलाही माहीत आहे. तुझ्या घरी पण नाही विचारत. त्यामुळे तुझा दुसरा खण आमच्याकडे अवघड जाईल.

बाकी इकडे तिसरं वर्ष कोरडं. तळ्याच्या गाळाला भेगा पडल्या आहेत, त्यात पोरांनी विटी-दांडूच्या गली शोधल्या. पोरं तरी कुठली. पटावर एक्केचाळीस, वर्गात चौदा. बाकीची आईबापांबरोबर खडी फोडायच्या कामांवर गेली. आमची बकरी, मेंढरांना आम्ही बकरीच म्हणतो, एकशे बारा. सध्या बाभळीच्या शेंगांवर आहेत.

सुंदरम्मावहिनींचा निरोप आईला वाचून दाखवला. विहिरीचं ऐकून तिने मान डोलावली. मग म्हणाली, "शानी हाय."

तुझा,
धुळाप्पा


सोलापूर,
२ नोव्हेंबर १९७२

प्रिय धुळाप्पा,

तुझ्या पत्राने माझी एक रात्रीची झोप गेली, आणि ती सत्कारणी लागली. एकच सकाळ, एकच ठिकाण, दोन वाटा, दोन साधनं! मराठी दोघांनाही 'गेले' म्हणते आणि हात झटकते. मी दोन क्रियापदं केली. सडकेने, ठरलेल्या मार्गाने जाणं: 'केवाला'. पाल्यापाल्याने जाणं: 'केवारू'. तुझ्या भावाला सांग, त्याचं चालणं आता भाषेत आहे.

'कुठं' विचारू नये हा समज मात्र सोडा. तो आमच्याही घरात आहे. मी कॉलेजला निघालो की सुंदरम्मा दारात उभी राहून म्हणते, "डबा घेतला का?" तिला विचारायचं असतं, कुठे निघालात. मी तिला सांगितलं, सरळ विचार. ती म्हणाली, "कॉलेजला निघालाय हे मला माहीत हाय की. डब्याचंच विचारतेय." या स्त्रीशी तर्काने बोलणं अशक्य आहे.

ज्या जाण्याला ठिकाण नाही ते जाणं नव्हे. ती भटकंती. तिच्यासाठी 'होपा' हे हलक्या दर्जाचं क्रियापद ठेवलं आहे. आता तुझ्या वर्गातली सत्तावीस मुलं. ती 'केवा' गेली की 'होपा'? म्हणजे ठिकाण ठरवून गेली की न ठरवता? आकडे विभागून पाठव. व्याख्यानात तक्ता लावीन म्हणतो.

भिमाकडून दुसरा खण भरून घे. एकदा तरी.

तुझा,
ईश्वरप्पा


हटकरवाडी,
२० नोव्हेंबर १९७२

प्रिय ईश्वरप्पा,

सत्तावीस मुलांचं विभाजन जमलं नाही. आज त्यांतलं एक परत आलं, चार नवीन गेली. आकडा सध्या तीस.

भिमाला विचारलं. तो वाघर दुरुस्त करत बसला होता. वाघर म्हणजे कळपाभोवती लावायची जाळी.

"भिमा, औंदा कुठल्या बाजूला?"

"कुनाला पायजे?"

"ईश्वरप्पाला. भाषेसाठी."

"भाषेला बकरी चारायची हायती?"

मग तो वाघर गुंडाळून माझ्यासमोर नीट मांडी घालून बसला. असा तो सोयरिकीच्या बोलण्याला बसतो. म्हणाला, "आन्ना, तुझ्या दोस्ताला माझ्या नावानं इचार. कुंभारीच्या रानात औंदा खत बसवायचं हाय का? चार दिस म्हना, चार म्हैनं म्हना. धान्य नगं."

हे त्याचे शब्द. तुला शेतीचं फारसं ठाऊक नाही, म्हणून सांगतो. खत बसवणं म्हणजे कळप शेतात मुक्कामाला बसवायचा. लेंड्यांनी जमिनीला खत होतं. शेतकरी त्याबदल्यात मेंढक्याला ज्वारी देतो, आणि कळपाला पाणी तर असतंच. आमच्याकडे मेंढका हे विचारतो एकदाच. आणि 'धान्य नगं' असं कुणी मेंढका म्हणताना मी आजवर ऐकलं नव्हतं. आईने ऐकलं तेव्हा ती उठून बाहेर गेली.

तू सांगशील तसं.

तुझा,
धुळाप्पा


सोलापूर,
६ डिसेंबर १९७२

प्रिय धुळाप्पा,

तुझ्या पत्रातला मजकूर विषयाला थोडा सोडून आहे, पण उपयोगी. 'बसवणे' हे गतिवाचक नव्हे. ते गतीचा शेवट आहे. तरी मी त्याचं वेगळं कार्ड केलं. माझी कार्डं आता चारशे बारा झाली.

भिमाच्या प्रश्नाचं उत्तर: नाही. मी नीट विचार करून देतो आहे. खत पिकासाठी. पीक पावसावर. पाऊस नाही, तेव्हा पीक नाही, तेव्हा खताची गरज नाही. पुढल्या वर्षी पाऊस झाला तर पाहू. प्रश्न स्पष्ट होता, उत्तरही स्पष्ट आहे. माणसं नेहमी असंच बोलली तर भाषा बनवण्याचे कष्ट मला पडले नसते. भिमाचं माझ्यातर्फे अभिनंदन कर.

तसं शेत सुंदरम्माच पाहते. ती असती तर तिलाही विचारलं असतं, पण ती अक्कलकोटला बहिणीच्या मुलीच्या बाळंतपणाला गेली आहे. फेब्रुवारीत परतेल. घरात शांतता आहे. काम झपाट्याने होतं.

गुरुसिद्धप्पांनी सहाव्या खणाचा ठराव पुन्हा मांडला. मतदान झालं. एक विरुद्ध एक. अध्यक्ष या नात्याने मी जादा मत टाकलं.

तुझा,
ईश्वरप्पा


हटकरवाडी,
१५ जानेवारी १९७३

प्रिय ईश्वरप्पा,

तुझं उत्तर भिमाला वाचून दाखवलं. तो "बरं" म्हणाला. अभिनंदन सांगितलं नाही.

परवा सकाळी ते निघाले. आई, भिमा, त्याची बायको फुलाबाई, घोडं, आणि एकशे चार बकरी. आठ इथेच गेली.

तुला वाक्य हवं होतं.

केवा. भिमा, रिकामं, हटकरवाडीहून, दिसेल तिकडून, पायी.

धुळाप्पा


सोलापूर,
२९ जानेवारी १९७३

प्रिय धुळाप्पा,

तू निःसंदेहमध्ये लिहिलेलं पहिलं वाक्य! माझ्याखेरीज दुसऱ्या कुणी लिहिलेलंही हे पहिलंच. गुरुसिद्धप्पांना दाखवलं. ते दुकानाच्या पुड्या बांधता बांधता म्हणाले, "हे का निघाले?" मी म्हणालो, "तो खण नामंजूर झाला आहे."

चुका लाल शाईने दाखवल्या आहेत. एक, दुसरा खण रिकामा, वाक्य अपूर्ण. दोन, 'दिसेल तिकडून' ही वाट नव्हे, आशा आहे. तीन, पाचवा खण. घोडं बरोबर आहे म्हणतोस आणि साधन 'पायी' लिहितोस. म्हाळसाबाई घोड्यावर की पायी? चार, 'आठ इथेच गेली' हे मराठी वाक्य तू पत्रात वापरलं आहेस. इथेच असतील तर गेली कशी?

व्याख्यानाची पत्रिका सोबत आहे. जमलं तर ये.

तुझा,
ईश्वरप्पा


हटकरवाडी,
१३ फेब्रुवारी १९७३

ईश्वरप्पा,

व्याख्यानाला आलो नाही. रविवारी मी त्यांच्या शोधात बेगमपूरच्या बाजूला गेलो होतो. चहाच्या टपऱ्यांवर विचारत विचारत सापडले. नदीच्या पात्रात वाळू उकरून पाणी काढत होते. एका वाटीला पाऊण तास.

तिसऱ्या चुकीची दुरुस्ती. घोडं मंगळवेढ्याच्या पुढे मेलं. आई पायी. तिच्या डोक्यावर भांड्यांची पाटी आहे आणि पाटीत एक कोकरू. भिमा पाटी घेऊ म्हणाला तर तिने त्याला वाटेतून बाजूला हो म्हणून सांगितलं.

चौथ्या चुकीची दुरुस्ती. आठ मेली.

बकरी शहाऐंशी आहेत. मला यापुढे उदाहरणं मागू नकोस.

धुळाप्पा


(पोस्टकार्ड)

सोलापूर,
२१ फेब्रुवारी १९७३

धुळाप्पाभावजी यांस सुंदरम्माचा नमस्कार.

मी काल अक्कलकोटहून आले. घर झाडताना यांच्या टेबलावर 'उदाहरणे' अशी फाइल सापडली. त्यात तुमची पत्रं. पत्रांवर लाल शाई. मी उभ्यानेच वाचली.

मी यांना विचारलं, "भिमाने पाणी मागितलं, तुम्ही नाही म्हणालात?" हे म्हणाले, "त्याने पाणी मागितलं नाही. खत देऊ केलं. शब्द तपासून पाहा." मी म्हणाले, "विहिरीचं मी कशाला लिहायला लावलं होतं?" हे म्हणाले, "तेही तू सांगितलं नव्हतंस." मग यांनी फाइल उघडून वीस नोव्हेंबरचं पत्र पुन्हा वाचलं. मग पुन्हा वाचलं. तेव्हापासून जेवले नाहीत. जेवतील.

मला खत बसवायचं आहे. सगळ्या बारा एकरांत. उत्तर यांचं असलं तरी शेत माझ्या नावावर आहे. राखणीला रेवणप्पा आहे, त्याला सांगितलं, विहिरीजवळची जनावरांच्या पाण्याची डोणी भरून ठेव. वैरण मी बघते. ज्वारी रीतीप्रमाणे देणार, नको म्हणायचं नाही. म्हाळसाबाईंना म्हणावं, आमच्याकडे कानडीत म्हणतात तसं, बर्री, म्हणजे या. लवकर बर्री.

सुंदरम्मा


बेगमपूर,
२५ फेब्रुवारी १९७३

सुंदरम्मावहिनींना शिरसाष्टांग नमस्कार.

कार्ड घेऊन थेट इकडेच आलो. शाळेला कुलूप लावलं, पोरं सात उरली होती. आईला कार्ड वाचून दाखवलं. म्हणाली, "परत वाच." दोनदा वाचलं. मग तिने पाटी खाली ठेवली.

भिमा म्हणाला, "सोलापूरचा मास्तर न्हाय म्हनला हुता की." आई म्हणाली, "रान कुनाचं हाय ते ऐकलास न्हवं? ऊठ."

उद्या सकाळी निघतो. कळप दमलेला आहे, पाच-सहा दिवस लागतील. वाटेत मोहोळच्या बाजूला एका ठिकाणी पाण्याची आशा आहे. ईश्वरप्पावर रागवू नका. तो वसतिगृहातही असाच होता. एकदा मी तापाने फणफणलो होतो तेव्हा त्याने विचारलं, "पाणी हवं?" मी म्हणालो, "राहू दे." त्याने राहू दिलं.

धुळाप्पा


कुंभारी,
२६ मार्च १९७३

प्रिय धुळाप्पा,

कॉलेजला रजा टाकून मी शेतावर राहतो आहे. तू त्यांना इथे पोचवून शाळेसाठी लगेच परत गेलास, तेव्हा मी बोललो नाही. तूही बोलला नाहीस. म्हणून लिहितो.

एकाहत्तर पोचली. डोणीजवळ आली तेव्हा ती धावली नाहीत. मला वाटलं होतं धावतील. ती चालत आली, आणि पाण्यात तोंड घालून नुसती उभी राहिली. भिमाने शीळ घातली तेव्हा प्यायला लागली. सुंदरम्मा दारातून पुढे गेली आणि म्हाळसाबाईंच्या डोक्यावरची पाटी तिने स्वतः उतरवली. म्हाळसाबाईंनी तिला ती घेऊ दिली. कोकरू तीत होतं. त्या वेळी मी रेवणप्पाच्या मागे उभा होतो.

दोन दिवसांनी भिमाशी बोललो.

मी म्हणालो, "भिमा, तू पाणी पायजे असं सरळ का लिहिलं नाहीस?"

"लिवलं की."

"खताचं लिहिलंस."

"मग काय लिवायचं?"

"पाणी द्या."

तो वाघरीची गाठ मारत होता. ती पुरी करून म्हणाला, "मास्तर, तुमी कवा कुनाला पानी द्या म्हनलाय?"

मला आठवेना. अजून आठवत नाही. मला तहान लागली की सुंदरम्मा तांब्या ठेवते.

"खत देतो म्हनलं की मानूस दारात हुबा ऱ्हातो," भिमा म्हणाला. "पानी द्या म्हनलं की हात पसरून बसाय लागतं."

व्याख्यानाचं तुला सांगितलं नाही. अकरा जण होते. त्यांतले चार जण पुढल्या भजनासाठी लवकर आले होते. मी फळ्यावर पाच खण काढले आणि तुझं वाक्य लिहिलं. रिकाम्या खणावर बोट ठेवून म्हणालो, "या अज्ञानाचा नायनाट करणं हेच निःसंदेहचं ध्येय." टाळ्या पडल्या. भजनवाल्यांनीही वाजवल्या. त्याच वेळी तुझी माणसं पात्रात वाळू उकरत होती, हे तुझ्या पत्रावरून कळलं. तारीख मी ताडून पाहिली.

म्हाळसाबाई माझ्याशी नीट बोलतात. त्याचा जास्त त्रास होतो. त्यांना आकडे येत नाहीत, पण कळपाकडे एकदा पाहून कोणतं नाही ते सांगतात. परवा दुपारी लिंबाखाली बसून त्यांनी मला वाटेत मेलेली सांगितली. तेहतीस. प्रत्येकीची खूण, प्रत्येकीची जागा. काळ्या कानाची, मंगळवेढ्याच्या ओढ्यात. मुरड्या शिंगाचा, सडकेच्या पुलाखाली. फुलाबाईच्या माहेरची जुळी, बेगमपूरला वाळूत, एकामागोमाग एक. मी माझी कोरी कार्डं काढली आणि लिहून घेतली. त्या म्हणाल्या, "लिव्हा. बरं झालं कुनीतरी लिवलं."

एका बकरीला एक कार्ड. जाणारा, सुरुवात, वाट, साधन. चार खण भरले, इतके नीट की इतकी नीट भरलेली कार्डं माझ्याकडे दुसरी नाहीत. दुसरा खण राहिला.

तो अज्ञानाने रिकामा नव्हता, धुळाप्पा. तू तो मला भरून पाठवला होतास, नोव्हेंबरात. मी तेहतीस वेळा 'कुंभारी' लिहिलं.

तुझा,
ईश्वरप्पा


हटकरवाडी,
७ एप्रिल १९७३

प्रिय ईश्वरप्पा,

पत्र मिळालं.

आईला दम्याचा त्रास होतो. सकाळी ओवा दे. मागणार नाही.

धुळाप्पा


कुंभारी,
१२ जुलै १९७३

प्रिय धुळाप्पा,

ओवा दिला. मागितला नव्हता.

ते सोमवारी निघाले. तुमच्या बाजूला गवत आल्याचं कुणी सांगितलं असावं. मला कुणी सांगितलं नाही. सकाळी उठलो तर वाघर गुंडाळलेली. फुलाबाई भांडी लावत होती. नव्या शिंगराला अजून ओझ्याची सवय नाही, त्याने दोनदा पाटी पाडली. बकरी आता चौऱ्याण्णव आहेत. कोकरं धरून.

निरोपाला गुरुसिद्धप्पा शहरातून सायकलवर आले होते. म्हाळसाबाईंसाठी दम्याच्या गोळ्या आणल्या होत्या. मी त्यांना विचारलं, "सहाव्या खणाचा ठराव पुन्हा मांडायचा?" ते म्हणाले, "आता कशाला? मला कळलं ना." मंडळाची बैठक मी बेमुदत तहकूब केली. कार्डं सुंदरम्माने मोठ्या पत्र्याच्या डब्यात ठेवली आहेत. तेहतीस वेगळी, वर.

भिमा निघायला वळला. सवयीने माझ्या तोंडात 'कुठं' आलं होतं. सुंदरम्माने माझ्याकडे पाहिलं. मी गिळलं.

मग काही तरी बोलायला हवं म्हणून नव्हे, विचारायचंच होतं म्हणून विचारलं.

"भिमा, दिवाळीनंतर आमच्या रानात खत बसवशील का?"

त्याने शेताकडे पाहिलं. चार महिन्यांचं खत पडलं आहे. सगळं रान काळं दिसतं. रेवणप्पा म्हणतो, तीन वर्षं लेंडीसुद्धा टाकायला नको.

"रानाला गरज हाय का पर?" भिमा म्हणाला.

"न्हाय," मी म्हणालो.

म्हाळसाबाई तोंडाला पदर लावून हसल्या.

"मग बसवू की," भिमा म्हणाला, आणि शीळ घातली.

तुझा,
ईश्वरप्पा